बे एरियातल्या फ्लाइंग क्लबांच्या सहली: कोलंबिया, हाफ मून बे, हॅरिस रँच

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात पालो अल्टो आणि रीड-हिलव्ह्यू हे छोटे विमानतळ आहेत. तिथल्या क्लबांची ‘फ्लाय-आउट’ म्हणजे सुट्टीच्या दिवशी चार-सहा सेसना (छोटी विमानं) घेऊन कुठेतरी खायला जाणं. नेहमीच्या तीन ठिकाणांत पैसे वसूल होतात ते कोलंबियाला.

पालो अल्टोहून ८८ नॉटिकल मैल, सेसना १७२ ने पाऊण ते एक तास. मुख्य धावपट्टी ४,६७३ फूट, जोडीला एक गवताची. (गवतावर उतरायचा मोह होतो, पण अनेक क्लबांच्या विम्यात ते बसत नाही, आधी विचारा.) विमानतळावरच झाडांखाली तंबू ठोकता येतो. गोल्ड रशच्या (सोन्यासाठी लोकांची झुंबड उडाली त्या) काळातलं गाव पायवाटेने मैलभरावर आहे. मुख्य रस्त्यावर गाड्यांना मज्जाव, त्यामुळे पोरं घोडागाडीत आणि सोनं चाळण्यात मजेत रमतात.

गोची होते ती परत निघताना. विमानतळ २,१२१ फुटांवर आहे. जुलैच्या दुपारी पारा ३५ अंशांवर गेला की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, ५,००० फुटांच्या घरात जाते. मग विमान जास्त धावतं आणि चढताना रडतं. नऊच्या आत उतरा, अकराच्या आत निघा, नाहीतर सरळ संध्याकाळपर्यंत थांबा. टेकऑफआधी मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) करायचं राहिलं तर आहे ती ताकदही वाया जाते. वणव्यांच्या मोसमात कॅल फायरची (राज्याच्या अग्निशमन खात्याची) विमानं इथूनच उडतात. त्यांना वाट द्यायची आणि निघण्याआधी टीएफआर (तात्पुरती उड्डाणबंदी) बघायचे.

चार सीट आहेत म्हणून चौघांना आमंत्रण देऊ नका. १७२ एस (सेसना १७२ चंच एक मॉडेल) माणसं, सामान आणि इंधन मिळून साधारण ८५० पौंड वाहते. काठोकाठ टाक्यांतलं वापरण्याजोगं ५३ गॅलन इंधन ३१८ पौंडांचं. उरलेल्या ५३० पौंडांत धडधाकट माणसं तीनच बसतात. टाकीतल्या टॅबपर्यंत (अर्धवट भरण्याच्या खुणेपर्यंत) भरलं तर ३५ गॅलन म्हणजे २१० पौंड, आणि माणसं-सामानाला ६४० पौंड मिळतात. कोलंबियाला जाऊन-येऊन वीसेक गॅलन लागतं, म्हणजे राखीव धरूनही टॅब पुरतो. मात्र आकडे त्याच विमानाच्या कागदावरून घ्या, दुसऱ्याच्या नको. रीड-हिलव्ह्यूवाल्यांसाठी आणखी एक: तिथे १ जानेवारी २०२२ पासून १००एलएल (शिसं असलेलं नेहमीचं विमान-इंधन) विकत नाहीत. यूएल९४ (बिनशिशाचं इंधन) भरायचं तर आपल्या विमानाला त्याची मंजुरी आहे का, ते आधी बघा.

हाफ मून बे टेकड्यांपलीकडेच आहे. ५,००० फुटांची ऐसपैस धावपट्टी, टॉवर नाही, उतरल्यावर चालत बंदरापर्यंत जाता येतं. नव्या सदस्याला पहिली सहल म्हणून झकास. पण उन्हाळ्यात समुद्रावरचा ढग सकाळी हटत नाही आणि संध्याकाळी पुन्हा आत सरकतो. पालो अल्टोला लख्ख ऊन आहे म्हणून निघालेले बरेच जण टेकडीवरून पांढरी चादर बघून माघारी वळतात. एडब्ल्यूओएस (विमानतळाचं स्वयंचलित हवामान केंद्र) आधी फोनवर ऐका. शिवाय सगळे एकदम पोहोचले की पाच विमानं एकामागे एक ताटकळतात. शहाणा आयोजक वेगवान विमान आधी सोडतो आणि मध्ये पाच-पाच मिनिटं ठेवतो.

हॅरिस रँच म्हणजे धावपट्टीशेजारचं रेस्टॉरंट. तिथे जायला सव्वा तासाच्या आसपास. धावपट्टी २,८२० फूट लांब आणि फक्त ३० फूट रुंद. पालो अल्टोची ७० आहे. अरुंद पट्टीमुळे आपण फार उंचावर आहोत असा भास होतो, पायलट नाक खाली घालतो आणि शेवटी फारच कमी उंचीवरून येतो. डोळ्यांपेक्षा अल्टिमीटरवर आणि वेगावर भिस्त ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टुले धुक्यामुळे (तिथल्या खोऱ्यातल्या दाट धुक्यामुळे) सकाळ हातची जाते. रेस्टॉरंट बीफसाठी प्रसिद्ध, तेव्हा शाकाहाऱ्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा न्यावा हे बरं. लँडिंगच्या सरावाला उत्तम, जेवणासाठी एवढ्या लांब जाण्यात मला अर्थ दिसत नाही.

खर्चाचं म्हणाल तर दोन पायलटांनी एक विमान घ्यावं: जाताना एकाने उडवायचं, येताना दुसऱ्याने. खासगी परवान्यावर भाडं, इंधन, तेल आणि विमानतळाचे आकार यांत पायलटचा वाटा इतरांहून कमी चालत नाही. तिघांत ३०० डॉलर झाले तर त्याचे किमान १००. प्रवासी बसवायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झालेले हवेत. आणि बिल हॉब्जवर (इंजिन चालू असलेला वेळ मोजणारं मीटर) आहे की टॅकवर (इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणारं), ते आधी विचारा. हॉब्जवर असेल तर शनिवारी पालो अल्टोच्या रांगेत इंजिन चालू ठेवून घालवलेली पंधरा मिनिटंही पूर्ण दराने लागतात.