ग्राफिक्स कार्डाविना गेमिंग: दिवाळी ते मे

दिवाळीत नागपूरच्या बर्डीवरून पीसी जुळवून आणला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर (ग्राफिक्स त्याच्या आतच), ८ जीबी रॅमची एकच स्टिक, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दुकानदार म्हणाला, "भाऊ, कार्ड कायले पाहिजे? रॅममधूनच घेते ना ते!" घेते, खरं आहे. कुणाच्या ताटातलं घेते, तेवढं त्याने सांगितलं नाही.

पहिले दोन महिने वैतागात गेले. जीटीए फाइव्हमध्ये शहरात गाडी पळवली की ३० एफपीएसच्या (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) आतबाहेर, मध्येच दचके. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन यूएमए फ्रेम बफर, म्हणजे ग्राफिक्ससाठी राखीव ठेवायची रॅम, २ जीबी केला, तर आणखीच बिघडलं. ते २ जीबी विंडोजच्या हातून गेले. टास्क मॅनेजरमध्ये उरली ५.९ जीबी आणि तिचीच अर्धी पुन्हा 'शेअर्ड जीपीयू मेमरी' म्हणून दिसायची. त्या आकड्याला भुलू नका. ती राखीव नसते, लागली तर उचलायची मुभा असते. मागे क्रोम उघडं राहिलं की रॅम भरून सगळा भार एसएसडीवर, आणि गेम ठप्प.

जानेवारीत तशीच दुसरी स्टिक टाकली. आधी दोन्ही शेजारच्या खाचांत बसवल्या, काही फरक पडेना, आठवडाभर दुकानदाराला शिव्या घातल्या. मग मदरबोर्डचं पुस्तक उघडलं: चार खाचांपैकी दुसरी आणि चौथी. तशा लावल्या आणि त्याच सेटिंगवर ५० एफपीएसच्या आसपास! डीडीआर४-३२००ची एक स्टिक कागदावर सेकंदाला २५.६ जीबी डेटा वाहते, दोन चॅनेलवर, म्हणजे दोन वेगळ्या वाटांवर, ५१.२; दुसरी-चौथी खाच त्यासाठीच. आतलं वेगा ग्राफिक्स आणि प्रोसेसर, दोघांची ये-जा याच रस्त्यावरून. गर्दी रस्त्याची होती, गोदाम किती मोठं हा प्रश्नच नव्हता. बायोसमध्ये एक्सएमपीही (रॅमला तिच्या छापील वेगाने पळवणारं सेटिंग) चालू करा, माझी रॅम तोवर २६६६वरच रखडत होती.

२ जीबी बफर मात्र आता तसाच ठेवलाय, कारण काही गेम सुरू होताना राखीव आकडा बघून कुरकुरतात. ४ करून पाहिला, वेग तोच.

तरी कार्डाची सर नाही. जीटीएक्स १६५० कार्डावरची साधी जीडीडीआर५ मेमरी सुद्धा सेकंदाला १२८ जीबी वाहते, तीही एकट्या कार्डासाठी. नवे मोठे गेम मी ७२०पी या कमी रिझोल्यूशनवरच खेळतो.

उन्हाळ्याचा फायदा आहे. ६५ वॅटची चिप, खोलीत वेगळी शेगडी नाही. फक्त पीसीचं कॅबिनेट खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या झोतात ठेवू नका. ओल्या हवेने माझे मागचे स्क्रू गंजलेत.