एफएसएसआय की मास्टर पेनमन? सुलेखनातला मान कुणाच्या हातून घ्यावा

सुलेखनात हात बसला, दोन-चार प्रदर्शनं झाली, कामंही येऊ लागली, की एक प्रश्न हमखास पुढे येतो. आता आपलं काम दाखवायचं कुणाला? कार्यशाळांची प्रमाणपत्रं फाइलभर असतात, पण त्यांतून कळतं ते एवढंच की आपण हजर होतो. ज्यांचा हात आपल्याहून वरचा आहे त्यांनी काम उलटसुलट करून पाहावं आणि मग आपल्याला पंक्तीत घ्यावं, अशी ओढ असलेल्यांसाठी हे लिहितो आहे. माझ्यापुढे शेवटी दोनच नावं उरली होती: लंडनची सोसायटी ऑफ स्क्राइब्ज अँड इल्युमिनेटर्स, म्हणजे एसएसआय, आणि अमेरिकेतली आयॅम्पेथ, म्हणजे पेनमन अर्थात वळणदार हस्ताक्षराच्या उस्तादांची संस्था. पहिलीची फेलोशिप मिळाली की नावापुढे एफएसएसआय लागतं; दुसरीचा सर्वोच्च मान म्हणजे मास्टर पेनमन. मी पहिली वाट धरली आहे. का धरली ते सांगतो, पण दुसरीवर अन्याय होणार नाही याचीही काळजी घेतो.

दोन्हीकडे सभासद कुणालाही होता येतं. वर्गणी भरली, नियतकालिक वाचलं, वर्गांना बसलं. खरी चाळणी त्याच्या पुढे आहे, आणि ती दोन्हीकडे आधी निवडले गेलेलेच लावतात. गुणपत्रिका नाही, वर्षं भरली म्हणून बढती नाही. पुढ्यात ठेवलेलं काम बोलेल तेवढंच. ही पद्धत मला मनापासून पटते. निवडणाऱ्याला उद्या आपल्या शेजारी या माणसाचं नाव लागणार आहे हे ठाऊक असतं, त्यामुळे तो भिडेखातर हो म्हणत नाही.

फरक आहे तो कुळाचा. एसएसआय 1921 साली स्थापन झाली ती एडवर्ड जॉन्स्टन आणि ग्रेली ह्यूइट या सुलेखनगुरूंच्या शिष्यांकडून. जॉन्स्टनने ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या दहाव्या शतकातल्या रॅम्से साल्टर या स्तोत्रांच्या हस्तलिखितावरून फाउंडेशनल हँड हे अक्षरवळण बांधलं, हे कट निब, म्हणजे सपाट कापलेल्या टोकाची निब, हातात घेतलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्या कुळात लिहिलेलं पान हे वाचायचं पान असतं. मजकूर काय, तो कुठे श्वास घेतो, समास किती, यावर अक्षराचा आकार ठरतो. आयॅम्पेथचं मूळ वेगळं. 1949 साली अमेरिकेतल्या जुन्या पेनमनांनी ती उभी केली. स्पेन्सरियन, एन्ग्रॉसर्स स्क्रिप्ट ही तिरपी वळणं, एका दमात फ्लरिशने, म्हणजे झोकदार वळणरेघांनी, काढलेले पक्षी हा त्यांचा वारसा. तिथे हाताची सफाई हीच मोठी गोष्ट, आणि ती सफाई पाहताना खरोखर डोळे दिपतात.

आयॅम्पेथकडे मी का ओढला गेलो होतो ते आधी सांगतो. त्यांनी जुन्या पेनमनशिपच्या पुस्तकांची पानं स्कॅन करून संकेतस्थळावर सर्वांना मोकळी ठेवली आहेत. डोंबिवलीत बसून शंभर वर्षांपूर्वीचे धडे फुकट गिरवता येतात, ही काही लहान गोष्ट नाही. आणि दुसरं म्हणजे त्यांचा तो सुंदर प्रघात: मास्टर पेनमन झालेल्याने आपलं प्रमाणपत्र स्वतः लिहायचं, स्वतः सजवायचं. सन्मानाचा कागद हीच त्या सन्मानाची साक्ष. मान देण्याची याहून देखणी रीत मला माहीत नाही. एसएसआयच्या वाटेवर असतानाही त्या प्रघाताबद्दलचं माझं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही.

मग अडलं कुठे? अडलं पावसाळ्यात.

आयॅम्पेथची ही अक्षरं टोकदार, लवचीक फ्लेक्स निबने काढतात, आणि तिची गंमत तिच्या दोन पात्यांत आहे. खाली येताना दाब दिला की पाती फाकतात आणि जाड रेघ मिळते. वर जाताना दाब सोडला की ती मिटतात आणि केसासारखी रेघ निघते. ही वर जाणारी रेघच सगळा घोळ घालते. जूनच्या मध्यापासून आमच्याकडे कागद ओल धरतो. वरचं साइझिंग, म्हणजे शाई फुटू नये म्हणून दिलेला लेप, सैल पडतं, धागे उठतात. वर जाणारं टोक त्यातला एखादा धागा उचलतं, क्षणभर अडकतं आणि सुटताना बारीक शिंतोडे उडवतं. हे पहिल्या ओळीत झालं तर नवं पान घ्यावं. पण ते होतं शेवटून दुसऱ्या ओळीत, कारण तोवर हाताखालचा कागद घामानेही दमट झालेला असतो. मी निकोची जी निब वापरून पाहिली, ती जरा ताठ असल्याने कमी अडते. गिलॉट 303 ही फार लवचीक निब तर त्या हवेत हातात धरवेना. शाई दाट करून पाहिली, हाताखाली टीपकागद ठेवला, खोलीत एसी लावला. एसीने फरक पडतो, नाही असं नाही. पण दार उघडून कुणी आत आलं की पुन्हा तेच. सप्टेंबर सरेपर्यंत एकही पान कुणाला दाखवावं असं निघत नसे.

आता असं पाहा: या दर्जाचं काम उभं राहायला वर्षं लागतात. त्यातल्या प्रत्येक वर्षाचा तिसरा हिस्सा हवामानाला द्यायचा, हे मला परवडणारं नव्हतं. नाशिकला किंवा पुण्याला राहणाऱ्याचा अनुभव कदाचित इतका वाईट नसेल. कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर हा परिच्छेद लागूच नाही.

कट निबलाही पाऊस लागतो. व्हेलम, म्हणजे लिहिण्यासाठी तयार केलेलं वासराचं कातडं, तर कागदापेक्षा हळवं. दमट हवेत ते लाटांसारखं उठतं, त्यामुळे त्यावरचं काम मी थंडीसाठी राखून ठेवतो. पण कागदावर कट निब बहुतेक वेळा धाग्यांवरून सरकून जाते. कड जरा मऊ पडते, एवढंच. सँडरॅक नावाच्या राळेची पूड कापडाच्या पुरचुंडीत बांधून कागदावर हलकी थोपटली आणि काडीची चिनी शाई थोडी दाट घोटली, की ऑगस्टमध्येही कड धारदार येते.

दुसरं कारण देवनागरी. आपल्या बोरूची कापणी आणि रोमनची पकड यांचा तिरकेपणा एकमेकांच्या उलट. रोमनमध्ये वरून डावीकडून खाली उजवीकडे येणारी तिरकी रेघ जाड होते, आपल्याकडे ती बारीक राहते. त्यामुळे सुरुवातीला मनगटाची चांगलीच ओढाताण होते. पण फाउंडेशनल हँडने एक सवय लावली: अक्षराच्या आतली पोकळी आणि दोन अक्षरांमधली पोकळी एकाच नजरेने तोलायची. ती सवय घेऊन मी पुन्हा बोरूकडे आलो आणि ‘राष्ट्र’ लिहिताना पहिल्यांदा दिसलं की ‘ष्ट्र’ची गर्दी सांभाळायची तर आधी ‘रा’ला ऐसपैस जागा द्यावी लागते. फ्लेक्स निबने माझ्या देवनागरीला असं काही दिलं नाही. दुसऱ्या कुणाला दिलंही असेल.

एसएसआयची अडचण अंतराची. तिथल्या फेलोंचं मूळ काम डोळ्यांनी पाहायला मिळणं फार गरजेचं असतं. डोनाल्ड जॅक्सन किंवा आयरीन वेलिंग्टन या नामवंत सुलेखनकारांच्या पानाचा फोटो आणि प्रत्यक्ष पान यांत खूप अंतर आहे. पानावर लावलेल्या सोन्याचा उठाव फोटोत येतच नाही. त्यासाठी कधीतरी इंग्लंडवारी करावीच लागते, आणि तो खर्च वर्गणीच्या कितीतरी पट होतो. शिवाय ज्याला कॉपरप्लेटचाच, म्हणजे फ्लेक्स निबच्या तिरप्या जाड-बारीक वळणाचाच, लळा आहे, लग्नपत्रिका आणि मानपत्रं हेच ज्याचं पोटापाण्याचं काम आहे, त्याने माझं ऐकून वाट बदलू नये. त्याला आयॅम्पेथमध्ये सख्खे भेटतील. पण जो मूळचा बोरूवाला आहे, ज्याला कवितेचं पान मांडताना आनंद होतो आणि जो किनारपट्टीवर राहतो, त्याने आधी एसएसआयचा विचार करावा असं मला वाटतं.

अजूनही ठरत नसेल तर कुठेही पैसे भरण्याआधी जुलैपर्यंत थांबा. बारा-चौदा ओळींचा एकच मजकूर घ्या, एकाच जातीच्या कागदावर, एसी न लावता, एकदा फ्लेक्सने आणि एकदा कट निबने सलग लिहून काढा. मग दोन्ही पानांच्या शेवटच्या तीन ओळी भिंगाखाली पाहा. पहिल्या ओळी पाहू नका, त्या सगळ्यांच्याच बऱ्या येतात.