आधी फिल्टर की आधी बॉयलर? गॅस टर्बाइनच्या बॅकप्रेशरचा हिशेब

पावसाळा सरलाय, चार दिवसांचं शटडाऊन मिळालंय आणि बजेट एकाच मोठ्या कामापुरतं आहे. टर्बाइन हवा ओढतं त्या इनलेटचे फिल्टर बदलायचे, की एचआरएसजीच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या बॉयलरच्या, फिन ट्यूब (पातळ पंखे जोडलेल्या नळ्या) साफ करून एक्झॉस्टचं बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गॅसला होणारा अडथळा, उतरवायचं? वीज केंद्र ट्रॉम्बेचं असो की बंदरापलीकडच्या उरणचं, खारी दमट हवा दोन्हीकडे तीच, त्यामुळे हा वाद दरवर्षी ठरलेला.

उरणला आहेत तसं १०८ मेगावॉटचं मशीन धरा. अशा मोठ्या मशीनसाठी नेहमी वापरतात तो ठोकताळा असा: एक्झॉस्टला सुमारे १०० मिलिमीटर पाण्याइतका अडथळा वाढला, तर आउटपुट ०.४२ टक्के पडतं, म्हणजे साधारण अर्धा मेगावॉट. तेवढाच अडथळा इनलेटला वाढला तर १.४२ टक्के, म्हणजे दीड मेगावॉट. हीट रेटचं, म्हणजे प्रत्येक युनिट विजेमागे लागणाऱ्या इंधनाचं, नुकसान मात्र जवळजवळ सारखंच, ०.४२ आणि ०.४५ टक्के. शिवाय बॅकप्रेशर वाढलं की एक्झॉस्टचं तापमान अंशभर चढतं आणि त्यातलं थोडं वाफेत परत मिळतं. म्हणून डीपी, म्हणजे अडथळ्यामुळे पडणारा दाबातला फरक, दोन्हीकडे सारखाच वाढला असेल, तर मी डोळे मिटून फिल्टर आधी बदलीन.

पण सारखाच वाढलाय हे कशावरून? बॅकप्रेशर ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढतं; हवा ५ टक्के जास्त गेली की ते १० टक्के वर. जानेवारीच्या पहाटेचं रीडिंग मे महिन्यातल्या दुपारच्या रीडिंगशी ताडून काही हाती लागत नाही. बेस लोड, म्हणजे मशीनचा नेहमीचा पूर्ण भार, तोच असायला हवा, हवामानही जवळपास तेच. एकदा आम्ही आठवडाभर बॅकप्रेशर चढल्याची चर्चा केली, आणि शेवटी दाब मोजणाऱ्या ट्रान्समीटरच्या इम्पल्स लाइनमध्ये (दाब त्याच्यापर्यंत नेणाऱ्या बारीक नळीत) साचलेलं पाणी निघालं! लाइन ड्रेन करायला दहा मिनिटं लागली.

फिल्टरचं बरं असतं, मळले की बदलता येतात. नळ्यांचा गंज वर्षानुवर्षं तसाच साठतो. गॅसअभावी संच बंद-चालू होत राहिला की बॉयलरच्या थंड टोकाला पाणी आधी तापवणाऱ्या प्रीहीटरवर दव धरतं. मॅनहोल उघडून टॉर्च मारा: पुढच्या ओळी काळसर पण मोकळ्या, आणि मागच्या टोकाला फिनांच्या फटीत विटकरी भुकटी ठासून भरलेली. नळ्यांच्या पलीकडे प्रकाशच जात नसेल, तर माझा पहिला निर्णय उलटा. हे शटडाऊन बॉयलरला द्या. फिल्टर पुढच्या छोट्या थांब्यात बदलता येतील.

मग नळ्या साफ करायला पाण्याचा मारा की ड्राय आइसच्या, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या, गोळ्यांचा? पाण्याचा जेट स्वस्त, माणसंही चटकन मिळतात. विरघळणारा क्षार असेल तर तोच बरा. गंजाच्या भुकटीवर मात्र पाणी मारलं की फिनांत तिचा चिखल होतो आणि वाळला की आधीपेक्षा घट्ट बसतो. वर लायनरखालचं (आतल्या पत्र्याच्या अस्तराखालचं) इन्सुलेशन भिजतं आणि आम्लधर्मी पाण्याची विल्हेवाट लावायची ती वेगळीच. इथल्या दमट हवेत बॉयलर लगेच पेटवून वाळवला नाही, तर नवा गंज आलाच म्हणून समजा.

ड्राय आइस उणे ७८ अंशांचा. नळीवर आपटून वायू होतो, मागे पाणी राहत नाही. खर्च जास्त, आणि मुंबईत त्याचे नखरेही जास्त. पेटी ट्रॅफिकमध्ये अडकली की माल उडून जातो. कॉम्प्रेसरची हवा कोरडी नसेल तर गोळ्या माऱ्याच्या होजमध्येच गठ्ठा होऊन बसतात. बंदिस्त जागेत कार्बन डायऑक्साइड तळाला साचतो, म्हणून मीटर आणि बाहेरून श्वासाची हवा यांशिवाय कुणालाही आत सोडू नका. बाहेरून नुसता मारा केला तर दोन-चार ओळीच निघतात. नळ्या किंचित फाकवून आतपर्यंत पोहोचणारा ठेकेदारच घ्या. तरीही गंजासाठी माझा कौल ड्राय आइसलाच.

किती पोती घाण निघाली याचे फोटो ठेकेदार दाखवीलच. वर्कऑर्डरमध्ये मात्र त्याच बेस लोडवर बॅकप्रेशर किती मिलिमीटर उतरायला हवं तो आकडा लिहून घ्या, आणि बिलाचा एक भाग त्यालाच बांधा.