नोट्स घ्या, पण मागच्या पानापासून वाचा

बेळगावात कॉलेज रोडच्या झेरॉक्स दुकानांत एम.ए. इंग्रजीसाठी आधुनिक आयरिश कविता आणि साहित्यसिद्धान्ताच्या स्पायरल नोट्स मिळतात. १४२ पानं, १६० रुपये, इंग्रजी मजकुराखाली मराठी खुलासा. खानापूर-निपाणीकडून मराठी माध्यमातून आलेल्यांना हा खुलासा खरोखर उपयोगी आहे. पहिल्या चाळीस पानांतली वसाहतोत्तर टीका (साहित्यातले राज्यकर्ते-जित संबंध तपासणारी), स्त्रीवाद आणि नवइतिहासवाद (कृती तिच्या काळातल्या घडामोडींसोबत वाचणारा) यांची ओळखही स्वच्छ आहे.

गडबड होते कविता सुरू झाल्यावर. शेमस हीनीच्या १९७२ च्या ‘विंटरिंग आउट’ संग्रहातली ‘ब्रोख’ बघा, उत्तर आयर्लंडमधल्या एका गावाच्या नावाची कविता. नोट्समध्ये ती ‘ब्रोघ’ छापलीय, आणि तिथंच सगळी कविता हातची गेली. शेवटचा उच्चार घशात घासून करायचा, उर्दूतल्या ‘ख़’सारखा, परक्यांना तोच जमत नाही, ही तर कवितेची अखेर. ‘राज्यकर्ते विरुद्ध जित’ असं लेबल लावून नोट्स मोकळ्या होतात. पण गावाचं नाव आयरिश ‘ब्रुअख’ म्हणजे नदीकाठ यावरून आलंय, आणि त्याच कवितेतले ‘रिग्ज’, ‘डॉकन’ हे शब्द स्कॉटलंडहून येऊन वसलेल्यांच्या बोलीतले. म्हणजे तो उच्चार तिथल्या दोन्ही समाजांचा, अडखळतो तो बाहेरचा. सीमाभागात हे समजावायला किती वेळ लागतो? ‘बेळगाव’मधला ळ मराठी माणसाला येतो तसा कन्नड माणसालाही येतो, ‘बेलगाम’ म्हणणारा लांबून आलेला. १ नोव्हेंबर २०१४ पासून नाव बेळगावी झालं, त्यावर भांडण कितीही असो, ळ दोघांकडेही शाबूत आहे.

डब्लिनमधल्या ब्रिटिशविरोधी उठावावरच्या येट्सच्या ‘ईस्टर, १९१६’ या कवितेपुढे साल दिलंय १९२१. ते संग्रहाचं. कवितेखालची तारीख २५ सप्टेंबर १९१६ आहे. आधी खासगीत २५ प्रती छापल्या, सर्वांसमोर ती आली १९२० मध्ये, आयर्लंडचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं असताना. नवइतिहासवादी उत्तर या चार वर्षांच्या थांबण्यावरच उभं राहतं, चुकीच्या सालानं ते कोसळतं. कडव्यांच्या ओळीही मोजा: १६, २४, १६, २४. उठाव सुरू झाला २४ एप्रिल १९१६ ला, म्हणजे तारीख आणि साल दोन्ही ओळींच्या मोजणीत आहेत.

नुआला नी गोनिलची भाषेवरची कविता (टोपलीतल्या बाळासारखी भाषा पाण्यात सोडणारी) स्त्रीवादाच्या प्रकरणात घातलीय. कारण एकच, कवयित्री बाई आहे! कविता मूळ आयरिश भाषेतली, इंग्रजी रूप पॉल मल्डूनचं आहे, हेही सांगितलेलं नाही. उलट राष्ट्राला बाईचं रूप देणाऱ्या परंपरेशी थेट भिडणाऱ्या कवयित्री ईव्हन बोलंडला अर्धं पान.

तेव्हा आधी शेवटची कविता-पानं मोठ्यानं वाचा, अनोळखी शब्द, गाव आणि लिहिल्याची तारीख समासात टिपा, मग पहिली चाळीस पानं उघडा. उत्तरात सिद्धान्ताला दोन-तीन ओळी पुरतात. पुढं कवितेतला शब्द उचलून त्यावर बोला.

प्रत घेताना आयरिश मूळ पानं दुकानातच तपासा. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढताना स्वरांवरच्या तिरक्या रेघा उडतात. आयरिशमध्ये ती रेघ आपल्या दीर्घासारखी. एकाच स्पेलिंगात रेघेसह गवत, रेघेविना माणूस.