स्वतःच्याच कमाईतून पगार घेणारा बँड

‘विदाउट यू’ हे गाणं तुम्ही ऐकलंच असेल. हॅरी निल्सनने गायलेलं ते 1972 मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर होतं, आणि 1994 मध्ये मरायाह कॅरीने ते पुन्हा जगभर पोहोचवलं. मुळात ते लिहिलं पीट हॅम आणि टॉम इव्हान्स या दोघांनी. बॅडफिंगर नावाच्या ब्रिटिश बँडमधली ही मुलं. इतकं चाललेलं गाणं ज्यांच्या नावावर होतं, त्या दोघांनीही पैशाच्या पेचात सापडून आयुष्य संपवलं. हॅमने 1975 मध्ये, इव्हान्सने 1983 मध्ये.

मी हिशेबाचं काम करतो. गाणारी-वाजवणारी तरुण मुलं करार दाखवायला येतात, तेव्हा मी त्यांना हीच हकीकत सांगतो, कारण यात रात्रीच्या अंधारात कुणी तिजोरी फोडली नव्हती. जे झालं ते कागदावर झालं आणि त्या कागदांवर या मुलांच्याच सह्या होत्या.

बँड मूळचा वेल्समधल्या स्वान्झीचा. तेव्हा नाव होतं ‘द आयव्हीज’. बिल कॉलिन्स नावाचे वडीलधारे गृहस्थ मॅनेजर झाले आणि त्यांनी या पोरांना लंडनमध्ये गोल्डर्स ग्रीन भागातल्या एका घरात आणून ठेवलं. सगळे एकत्र राहायचे, गाणी बांधायचे, मिळतील ते कार्यक्रम करायचे. बीटल्स या गाजलेल्या बँडचे विश्वासू सहकारी मॅल इव्हान्स यांनी त्यांची टेप ॲपल या रेकॉर्ड कंपनीत नेऊन ऐकवली आणि 1968 मध्ये बीटल्सच्या या नव्या कंपनीने त्यांच्याशी करार केला. पुढच्याच वर्षी बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीने त्यांना ‘कम अँड गेट इट’ दिलं. सगळी वाद्यं एकट्याने वाजवून त्याने तासाभरात त्याचा नमुना ध्वनिमुद्रित केला होता, आणि हुबेहूब तसंच वाजवा असं बजावलं होतं. गाणं ब्रिटनमध्ये चौथ्या आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकावर गेलं. याच सुमारास नाव बदलून बॅडफिंगर झालं. लिव्हरपूलचा जोई मॉलंड आला आणि हॅम, इव्हान्स, मॉलंड आणि ड्रमर माइक गिबिन्स अशी चौकडी जमली. त्यानंतर ‘नो मॅटर व्हॉट’ चाललं, बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनने निर्मिती केलेलं ‘डे आफ्टर डे’ही चाललं.

1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी जो मोठा कार्यक्रम झाला, त्यातही हे चौघे होते. पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखाँ यांनी ज्या मंचावर सुरुवात केली, त्याच मंचावर नंतर पीट हॅमने हॅरिसनशेजारी उभं राहून ‘हिअर कम्स द सन’ला गिटारची साथ दिली. वाद्यं म्हणजे फक्त या दोघांच्या दोन गिटार. पंचविशीही न गाठलेल्या मुलाच्या आयुष्यात यापेक्षा मोठं काय हवं?

आता त्याच वर्षाचा हिशेब बघू.

1970 च्या अखेरीस अमेरिकेतला धंदा सांभाळण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्कच्या स्टॅन पॉली याच्याशी करार केला होता. पॉली बोलण्यात तरबेज होता. त्याने ‘बॅडफिंगर एंटरप्रायझेस’ नावाची कंपनी काढली. दौऱ्यांचं मानधन, रेकॉर्डची रॉयल्टी, गाण्यांच्या हक्कांचे पैसे, सगळं पॉलीच्या हातात असलेल्या कंपन्यांमध्ये जमा व्हायचं, आणि तिथून या मुलांना ठरलेला पगार मिळायचा. तुम्ही गाण्याकडे बघा, बाकीचं मी बघतो. दरमहा पैसे येत होते, विमानाची तिकिटं निघत होती, वाद्यं मिळत होती. मग शंका कोण घेणार?

पॉलीच्याच हिशेबनिसांनी तयार केलेलं एक विवरण पुढे उजेडात आलं. 8 डिसेंबर 1970 ते 31 ऑक्टोबर 1971 या काळाचं. पगार आणि उचल मिळून मॉलंडला 8,339 डॉलर, इव्हान्सला 6,861, गिबिन्सला 6,211 आणि पीट हॅमला, म्हणजे ज्याच्या गाण्यांवर बँड उभा होता त्याला, सगळ्यात कमी, 5,959. कंपनीचा निव्वळ नफा 24,569. आणि मॅनेजरचं कमिशन 75,744 डॉलर.

बेरीज करून बघा. चौघांचे मिळून 27,370 होतात. एकट्या पॉलीचे त्याच्या पावणेतीनपट. शिवाय नफा राहिला तो ज्या कंपनीत, तिची सूत्रं त्याच्याच हाती. मी इतकी वर्षं हिशेब बघतोय, पण या आकड्यांवर नजर गेली की अजूनही मनस्वी संताप येतो. वाईट याचं वाटतं की यात लपवाछपवी करायचीही गरज पडली नव्हती. सगळं व्यवस्थित टाइप केलेलं होतं. मुलांच्या बाजूने ते वाचणारं कुणी नव्हतं.

ॲपलचा डोलारा कोसळू लागला तेव्हा पॉलीने वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीशी मोठा करार जमवला. मोठा म्हणजे आगाऊ रकमेने मोठा. त्या बदल्यात दर सहा महिन्यांनी एक अल्बम द्यायचा होता. दौरे करत, थकलेल्या माणसांनी. आगाऊ रकमेपैकी एक लाख डॉलर राखीव खात्यात ठेवायचे, वॉर्नरलाही ते बघता यावेत, असं ठरलं होतं. ते खातं कुठे आहे हे पॉलीने सांगितलंच नाही. डिसेंबर 1974 मध्ये वॉर्नरच्या, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशन विभागाने कोर्टात धाव घेतली, आणि नुकताच बाजारात आलेला, समीक्षकांनी उचलून धरलेला त्यांचा अल्बम काही आठवड्यांतच दुकानांतून काढून घेतला गेला. घाईघाईने दोन आठवड्यांत त्यांनी आणखी एक अल्बम ध्वनिमुद्रित केला. तो पडून राहिला, थेट 2000 साली बाहेर आला. फसवणाऱ्यावरच्या खटल्यात फसलेल्याचं काम बुडालं.

बँडमध्ये फूट पडली होतीच. मॉलंडला पॉलीचा संशय होता, हॅमचा त्याच्यावर विश्वास होता. एक म्हणतो हिशेब मागू, दुसरा म्हणतो असा संशय घेणं बरं दिसत नाही. अशी भांडणं मी आपल्याकडच्या चार-पाच जणांच्या ग्रुपमध्येही बघितली आहेत. मॉलंड 1974 च्या अखेरीस बाहेर पडला. 1975 च्या वसंतात पगार थांबले. हॅमने सरेमधल्या वोकिंगला घर घेतलं होतं, घरात बाळ येणार होतं. सगळे पैसे गेल्याची खबर त्याला फोनवरून मिळाली. 24 एप्रिलला तो गेला. अठ्ठाविसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्याने पॉलीचं नाव लिहिलं होतं. मुलगी त्यानंतर महिन्याभराने जन्मली.

इव्हान्सने पुढे आणखी आठ वर्षं काढली. ‘विदाउट यू’च्या पैशात आपलाही वाटा आहे, असे दावे जुन्या सहकाऱ्यांकडून होत होते. त्याच्या शेवटच्या रात्रीही मॉलंडशी फोनवर याच विषयावरून वाद झाला होता. पॉली त्या वादात कुठेच नव्हता, पण मित्रांना एकमेकांच्या खिशाकडे बघायला लावलं ते त्याच्या कागदांनीच.

हे पन्नास वर्षांपूर्वीचं, तिकडचं, असं म्हणून सोडून देऊ नका. मध्यंतरी एका गाणाऱ्या मुलाने माझ्यापुढे करार ठेवला. भाषा गुळगुळीत, कंपनीचं नाव भारदस्त. आत सातव्या-आठव्या पानावर लिहिलेलं की कार्यक्रमांचं मानधन, यूट्यूबचं उत्पन्न आणि गाण्यांची रॉयल्टी ‘व्यवस्थापनाच्या सोयीसाठी’ कंपनीच्या खात्यात जमा होईल आणि कलाकाराला मासिक रक्कम मिळेल. मासिक रक्कम किती, ते होतं. एकूण जमा किती झाली हे बघण्याचा कलाकाराला हक्क आहे, असं कुठेच नव्हतं. मी त्याला सही करू दिली नाही. घरचे नाराज झाले, चालून आलेली संधी घालवली म्हणाले.

म्हणून सांगतो. पैसे ज्या खात्यात येणार, त्यावर तुमचं नाव आहे का, ते आधी बघा. नसेल तर निदान दर महिन्याचं बँक स्टेटमेंट मिळेल, हे करारात लिहून घ्या. कमिशन खर्च वजा जाता उरलेल्यावर की एकूण जमेवर, हे एका ओळीत लिहून मागा. तुमच्या नावाने निघालेल्या कंपनीचे संचालक कोण, ते तपासा. आपल्याकडे ही माहिती सरकारच्या संकेतस्थळावर मिळते. करार समोरच्याच्या वकिलाकडून समजून घेऊ नका, स्वतःचा वकील करा, त्याचे चार पैसे द्या. गाणं तुम्ही लिहिलं असेल तर आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्या, म्हणजे लेखक-संगीतकाराचा वाटा थेट तुमच्याकडे येईल. आणि ग्रुपमधला जो हिशेब मागतोय त्याला गप्प करू नका. पुष्कळदा तोच सगळ्यांचं भलं बघत असतो.

पॉली तिथेच थांबला नव्हता. विमानाची इंजिनं बनवण्याच्या नावाखाली एका अभियंत्याचे अडीच लाख डॉलर लाटल्याच्या प्रकरणात, 1991 मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोर्टात त्याने आरोपांना आव्हान दिलं नाही. पाच वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी कोर्टाच्या देखरेखीखाली राहणं, आणि पैसे परत करण्याचा आदेश, एवढं झालं. म्हणजे बॅडफिंगरच्या वाताहतीनंतर पंधराएक वर्षांनीही विश्वास टाकणारी माणसं त्याला भेटतच होती.

हे वाचणाऱ्या कुणाचे पैसे आत्ता अडकलेले असतील, पगार थांबला असेल, फोन उचलले जात नसतील, तर आज घरी सांगा. रक्कम कितीही मोठी असो, सांगा. कागद, मेसेज, बँकेच्या नोंदी एका जागी काढून ठेवा आणि वकील गाठा. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.