मोडता घालण्याची कॅन्टोनीज भाषा: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचा अनुभव

हाँगकाँगची बोली, म्हणजे कॅन्टोनीज, शिकवणाऱ्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमातील, दुसऱ्याच्या कामात मोडता घालण्याविषयीच्या वाक्प्रचारांचा विभाग मी नुकताच पूर्ण केला आणि तो मला मनापासून आवडला. ‘दोउ माय’ या शब्दाला शिक्षिकेने दिलेला वेळ सार्थकी लागला: शब्दशः अर्थ तांदूळ ओतून टाकणे, परंतु व्यवहारात आपल्याच बाजूचे नुकसान करणे. नोकराने गिऱ्हाइकासमोर ‘हाच माल शेजारी स्वस्त मिळतो’ असे सांगितले, तर मालकाच्या तोंडी हाच शब्द येईल, हे उदाहरण ऐकताच अर्थ मनात पक्का बसला. ‘थ्युन यान यी सिक’, म्हणजे दुसऱ्याचे अन्नवस्त्र तोडणे, हा तर आपल्या ‘पोटावर पाय आणणे’चा सख्खा भाऊच. वाटेत आडवे येणाऱ्याला ‘पृथ्वीचे फिरणे अडवतोस’ असे सुनावणारा वाक्प्रचार मात्र, इतका बहारदार असूनही, दोन ओळींत उरकला आहे.

कॅन्टोनीजमध्ये ६ सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढ-उतार, असताना अभ्यासक्रमातील ध्वनिमुद्रणे अस्पष्ट असणे ही गंभीर उणीव आहे. १९९३ मध्ये तयार झालेल्या ‘ज्युतपिंग’ या रोमन लेखनपद्धतीतील सूरांक (कोणता सूर ते सांगणारे आकडे) प्रत्येक शब्दासोबत छापलेले आहेत, म्हणूनच मला उच्चार पडताळता आले.