व्हॅनच्या टपावर दोन कयाक: रॅक भरपूर वापरल्यानंतर

कयाक, म्हणजे वल्ह्याची लांब, अरुंद बोट, चालवणारं कुणी कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली व्हॅन) घ्यायला निघालं की मी आधी टपाचं विचारते: मुक्कामाला वर उचलता येणारा, म्हणजे उघडणारा हवाय की पक्का? रॅकची अर्धी निवड तिथेच होऊन जाते. आमची फोक्सवॅगन टी6 पोलादी टपाची आहे. तिच्यावर 150 किलो चालतात, आणि त्यात रॅकचं वजनही धरायचं असतं. उघडणाऱ्या टपावर बरंच कमी वजन चालतं, शिवाय रात्री तो वर करायचा तर आधी बोटी उतरवायला हव्यात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, पावसात, मिज नावाच्या चावऱ्या चिलटांच्या थव्यात, पोटात कावळे ओरडत असताना. आम्ही व्हॅनमध्ये ताठ उभं राहायची हौस सोडली. पोळ्या वाकून लाटते, चालतं.

माझी उंची पाच फूट दोन, टप जवळपास दोन मीटरवर आणि प्लॅस्टिकची सागरी कयाक पंचवीसेक किलोची. नवरा सोबत असला तर प्रश्न नाही, पण ग्लासगोहून मी पुष्कळदा एकटीच निघते. म्हणून उजव्या बाजूला थुले कंपनीचा हल्लाव्हेटर, म्हणजे बोट टपावर चढवायला मदत करणारा रॅक, बसवला. त्याचा पाळणा बाजूने खाली येतो, बोट त्यात ठेवून पट्टे आवळायचे आणि वर ढकलायचं. साधारण 18 किलोंचा भार गॅसचे दट्टे उचलतात, उरलेला माझ्या खांद्यांना पेलतो. जाहिरातीत पाळणा कमरेपर्यंत येतो खरा, पण तिथली गाडी बुटकी असते. व्हॅनवर तो माझ्या छातीशी थांबतो. तरी पैसे वसूल. ज्यांवर हे सगळं बसतं ते टपावरचे आडवे बार मात्र लांब घ्या, व्हॅनचं पोट रुंद असतं.

उजवीच बाजू का? ब्रिटनमध्ये सरकतं दार डावीकडे आणि ऑनिंगही (बाहेर ओढायचं कापडी छत) तिथेच, त्यामुळे पाळण्याला जागा उरत नाही. पण मग बोट चढवताना आपण रहदारीकडे पाठ करून उभे असतो. रस्त्याकडेला मी हे करत नाही, घरी किंवा कॅम्पसाइटवरच.

दुसरी बोट डावीकडच्या जे-बारमध्ये, म्हणजे बोट कुशीवर धरणाऱ्या इंग्रजी J आकाराच्या आधारात, जाते. तिला मी मागून सरकवते: मागच्या काठावर बाथरूमची रबरी चटई, तिच्यावर बोटीचं नाक, आणि शेपटाकडून रेटा. स्वस्त उपाय आहे, पण वाऱ्यात एकटीने करू नये. व्हॅन 4.9 मीटर लांब, बोट 5.2. तिला थोडी पुढे सरकवून बांधली नाही तर मागचं दार वर उचलताना शेपटाला अडतं, आणि आमचा स्टोव्ह नेमका त्या दाराशी.

बांधायला साधे बकलचे पट्टेच वापरा. रॅचेटने, म्हणजे खटक्याच्या दांड्याने आवळायच्या पट्ट्याने, नको तितका ताण येतो आणि बोट चेपते. उन्हात प्लॅस्टिक मऊ पडतं तेव्हा तर हमखास. (स्कॉटलंडात ऊन कसलं, म्हणाल. येतं कधीकधी.) बोट कुशीवर ठेवली की कमी चेपते, जे-बारचा खरा फायदा हाच. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर वाऱ्यात तो सगळी वाट गुणगुणतो. बोटीच्या दोन्ही टोकांनाही दोऱ्या बांधा: पुढची टोइंगच्या कडीला, मागची खाली. ए82 महामार्गावर टार्बेट गावाच्या पुढे लॉक लोमंड सरोवराच्या काठाचा रस्ता अरुंद होतो आणि समोरून ट्रक अंगावर आल्यासारखे येतात. तिथे या दोऱ्यांमुळे जीव थाऱ्यावर राहतो.

बोटींसकट उंची अडीच मीटरच्या आसपास जाते. किनाऱ्यावरच्या कितीतरी पार्किंगला दोन-सव्वादोन मीटरवर आडवी दांडी असते. एकदा टेपने मोजा आणि आकडा समोरच्या काचेवर चिकटवा.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर पाळणा गोड्या पाण्याने धुवा, बोल्टांना कॉपर ग्रीस लावा. हिवाळ्यात मी पाळणा आणि जे-बार उतरवून ठेवते. रिकामे असले तरी ते डिझेल खातात, आणि आवाज होतो तो वेगळाच. आडवे बार तेवढे बारा महिने वरच असतात.